गाऱ्हाण्यातले नाव

रविवारी दुपारी साडेतीन वाजता पेडण्यातल्या पार्से गावच्या तनयाने आपल्या क्राउडफंडिंगच्या पानावरची, पैसे देणाऱ्यांसाठी ठेवलेली सर्वांत जास्त मागणी असलेली भेट बंद केली. मोहीम सहाला संपणार होती. तोवर ठरलेली रक्कम जमली नाही, तर जमलेले सगळे पैसे देणाऱ्यांकडे परत जाणार होते.

पैसे हवे होते घुमटांसाठी, आरतीत वाजवायच्या चामडे मढवलेल्या मडक्यांसाठी. वाड्यावरच्या बायकांचे आरती पथक पुरुषांची घुमटे मागून आणी. गणेशचवथीत ती पुरुषांनाच लागत; बायका तेव्हा नुसत्या टाळ्या वाजवत. यंदा डिचोलीच्या कुंभाराने मडकी भाजून ठेवली होती, पण चामडे मढवणारा आगाऊ रकमेशिवाय हात लावायला तयार नव्हता.

सुरुवातीला पान थंड होते. घुमटाच्या आकाराची किल्लीसाखळी कोणालाच नको होती. मग तनयाने लिहिले : पैसे देणाऱ्याचे नाव देवळातल्या गाऱ्हाण्यात, देवापुढे गावाच्या वतीने घालायच्या विनवणीत घेऊ. मस्कत, पुणे, बोरिवलीतून पेडण्याची माणसे धावली.

गाऱ्हाणे घालणारे बाबली तिचे सख्खे काका. त्यांना विचारायचे तिला सुचलेच नाही. त्यांना ते सकाळी पाव घेताना पोदेराकडून कळले.

"देवाक रेट कार्ड लायलंस काय गे?"

"काका, गेल्या वर्षी दुकानदार गणेशचे नाव घेतलेच ना? त्याने मंडप दिला होता."

"मंडप दिल्यान, पण माझा नाव घेया म्हणून सांगूक नाय. घेतलंय ता त्येच्या पोराच्या तापासाठी. गाऱ्हाण्यात दुखणा सांगतत, पावती वाचूची नसता."

पथकाची म्होरकी चंद्रावती दारापुढच्या बलकांवावर, ओट्याच्या बाकावर बसली होती. "भावजी, बायलांच्या हाताक घुमट मेळणा नाय, ह्याय दुखणाच."

"ता सांगतंय. फुकट."

तनयाने भेट बंद करून सगळ्यांना कळवले : न विचारता शब्द दिला, चूक माझी. पैसे परत हवे असतील तर सहापूर्वी सांगा.

"सहानंतर कळयलंस असता तर काय बिघाडला असता?" चंद्रावती म्हणाली.

"फसवणूक झाली असती, काकी."

"शिकलंस मगो, आमका बुडवूक!"

चारच्या आत पहिल्याने पैसे मागे घेतले, मग आणखी तिघांनी. तनया पान सारखे ताजे करत अंगणात फिरत राहिली. मस्कतच्या एका बाईने लिहिले : माझे नाव घेतले नाही तरी चालेल. तुम्ही वाजवता कशा, ते कुठेच दिसत नाही.

खरेच, महिनाभर पानावर फक्त फोटो होते. आणि पुरुषांचे पथक घुमटे घेऊन सर्वणला कार्यक्रमाला गेले होते.

चंद्रावतीने आतून रिकामी कळशी आणली, पदर खोचला. "धर तुझो तो फोन." तिने कळशीवर ताल धरला आणि आरती म्हटली, मध्येच चुकली, स्वतःला शिवी दिली, पुन्हा उचलली. तनयाने शिवीसकट व्हिडिओ चढवला.

साडेपाचपासून लहान लहान रकमा येऊ लागल्या. काकांनी दोनदा विचारले, "भरला?"

पाच सत्तावन्नला मस्कतच्या त्या बाईची मोठी रक्कम पानावर दिसली. ती धरली तर आकडा पुरा होत होता. तिच्यापुढे लिहिले होते : बँकेची मंजुरी बाकी; ती सहापूर्वी आली तरच रक्कम धरली जाईल.