डेटाबेस दुसरीकडे उघडा आहे

"इशारा आला की घाबरायचं नाही, आणि पुसायचंही नाही. आधी तो काय म्हणतोय ते पूर्ण वाचायचं." मला लिनक्स शिकवणाऱ्या सरांचं हे सांगणं. सर आता नाहीत, पण कुणाचा कॉम्प्युटर दुरुस्तीला समोर आला की आधी त्यांचाच आवाज येतो.

त्या सकाळी समोर होता धाकट्या बहिणीचा लॅपटॉप. नवऱ्याने तापलेली इस्त्री दंडावर टेकवली त्या दिवशी लॅपटॉप आणि शिवणाची कात्री एवढंच पिशवीत घालून ती माझ्याकडे आली होती. मुलीला आणता आलं नाही. सासूने तिला आतल्या खोलीत कोंडलं होतं. "सापडलीस तर जिवंत ठेवणार नाही," असं तो म्हणाला होता, आणि तो बोलेल ते करणारा माणूस. धाकटी माझ्या पुढच्या खोलीत शिवणकाम करू लागली. तिचा ठावठिकाणा त्याला लागू नये, एवढीच आमची धडपड.

"ताई, रोजचंच आहे हे," ती म्हणाली. "ऑर्डरींचं सॉफ्टवेअर उघडलं की पिवळी पाटी येते. मी 'तरीही उघडा' दाबते. चालतं की."

"पाटीवर काय लिहिलंय?"

"कोण वाचतंय? तुझा जप होईस्तोवर माझ्या दोन बाह्या जोडून होतात. तू बस वाचत."

पाटी म्हणत होती, डेटाबेस दुसरीकडे उघडा आहे. त्याखाली, मागच्या वेळी तो नीट बंद झाला नव्हता. मी खालचं कारण खरं धरलं. लॅपटॉप धाडकन बंद पडला की लॉक फाइल, म्हणजे डेटाबेसला लावलेलं कुलूप, तशीच पडून राहते. मी सॉफ्टवेअर बंद केलं, ती फाइल काढून टाकली. धाकटीने 'झालं?' अशी मान उडवली.

तेवढ्यात फाइल परत आली. सॉफ्टवेअर बंद असताना.

पडून राहिलेलं कुलूप पुन्हा लागत नाही. ते कुणीतरी लावावं लागतं. ते कुठल्या मशीनने लावलं याची नोंद त्यातच असते. मी टर्मिनलमध्ये, कमांड लिहायच्या काळ्या खिडकीत, फाइल उघडली. तिथे नाव होतं, मालक.

धाकटी खाली बसली. "त्याच्या कॉम्प्युटरचं नाव आहे ते. लॅपटॉप त्यानेच लावून दिला होता. म्हणाला, कामाची नक्कल माझ्याकडे राहू दे, बिघडलं तर बरं."

म्हणजे ती इथे जे टाइप करी ते नेटवरून त्याच्याकडे जाई.

"दुकानाचा पत्ता कुठला घातलायस?"

"इथला. बिलावर छापून येतो ना."

मी नेटची वायर उपटली. पण त्याचं कुलूप मी काढलं तेव्हा त्याच्याही स्क्रीनवर पिवळी पाटी गेली असणार. आणि त्याने ती वाचली असणार. इतके दिवस तो नुसता बघत होता, आता आम्ही निसटायच्या आत येणार.

दुपारी आम्ही पिशव्या भरत होतो, तेव्हा दाराची कडी स्क्रूसकट उखडून आत पडली. त्याच्या हातात नळाचा मोठा पाना होता.

"नमस्कार ताई," तो म्हणाला, नेहमीसारखा आदराने. "सकाळी तुम्हीच का? हिला एवढी अक्कल नाही."

मी मध्ये उभी राहिले. पाना माझ्या उजव्या हातावर बसला. बोटं काडीसारखी वाजली. त्याने मला पायाने बाजूला सारलं, धाकटीला केसांनी धरलं आणि तिचं तोंड शिलाई मशीनच्या कडेवर आपटलं. मग पुन्हा. फरशीवर खडूच्या तुकड्यांत दात पडले. ती ओरडली नाही. त्या घरात तिची ओरडायची सवयच गेली होती.

"बोलवा की तुमच्या देवाला," तो मला म्हणाला. "रोज एवढं घोकता."

नाम माझ्या तोंडात होतं. ते थांबलं नाही. डाव्या हाताने मी कात्री उचलली आणि त्याच्या मांडीत मुठीपर्यंत घातली. तो वळला. मी ती उपसून पुन्हा मारली. गिऱ्हाइकाचं पांढरं कापड भिजून जड झालं. शेजारी धावत आले तेव्हा तो आडवा होता आणि मी अजून मारत होते. त्यांनी माझी मूठ एकेक बोट करून उघडली.

दवाखान्यात तो वरच्या मजल्यावर, ऑपरेशनच्या टेबलावर. धाकटी खाली, जबडा बांधलेली.

"ताई," ती उरलेल्या तोंडाने म्हणाली, "छोटी. त्याच्या आईला कळलं की ती तिला कुठेतरी नेऊन लपवेल."

"त्याआधी आणते."

"नक्की?"

"मी घेतलेलं व्रत कधी मोडलंय?"

"नाही. त्याचाच तर वैताग येतो."

बाहेर बाकावर पोलीसबाई बसल्या होत्या. "तुमचा जबाब राहिलाय. कुठे निघालात?"

"भाचीला आणायला. तिला आणलं की देते जबाब."

त्यांनी माझ्या प्लास्टरकडे पाहिलं, मग धाकटीच्या दाराकडे. पेनाला टोपण लावलं. "मी चहा पिऊन येते," त्या म्हणाल्या. "मला वेळ लागतो चहाला."

नर्सने दिलेल्या शालीखाली रक्ताचे डाग झाकले आणि मी बसच्या रांगेत जाऊन उभी राहिले.