बाविसावा हात

मुलुंडच्या नवप्रभात सोसायटीत बाग होती, बागेला माळी होता, आणि माळ्याचा पगार कुठून काढायचा हा प्रश्न दर वर्षी होता. इतकी वर्षं काम खुशीच्या वर्गणीवर भागायचं, पण लोकांची खुशी आटत चालली होती. म्हणून शहाऐंशीच्या वार्षिक सभेत सेक्रेटरी श्यामसुंदर कर्णिकांनी ठराव मांडला: ज्याचा फ्लॅट जेवढ्या चौरस फुटांचा, त्याची तेवढी बागवर्गणी, दर वर्षी, सक्तीची. हा पडला की बागेवर फरशा घालून स्कूटरी लावायच्या, असा भाऊ सामंतांचा ठराव मागे दबा धरून बसलेलाच होता.

माळी म्हणजे जयवंत परब. पूर्वी परळच्या गिरणीत तो साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवायचा. ब्याऐंशीच्या संपात साचा सुटला तो सुटलाच. नंतर दीड वर्ष त्यानं मिळेल ते ओझं उचललं आणि शेवटी या बागेत पाय टेकले. आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुन्हा दारोदार हिंडायची ताकद आपल्यात नाही, हे तो जाणून होता आणि त्याची त्याला भयंकर धास्ती होती.

रविवारी दुपारी बागेतच सभा भरली. जयवंत पाण्याचे ग्लास घेऊन मागे उभा होता. ग्लास वाटून झाल्यावर त्यानं ट्रे कठड्यावर ठेवून दिला.

"माझा फ्लॅट मोठा म्हणून मी जास्त द्यायचे?" भाऊ कडाडले. "मोगरा काय माझ्या हॉलकडे बघून जास्त फुलतो?"

लोक खो खो हसले. जयवंत एकेकाचं तोंड न्याहाळत राहिला. हसणारी माणसं कुठल्या बाजूला झुकतील, सांगता येत नाही.

"पण बागेमुळे फ्लॅटला भाव येतो ना भाऊ," कर्णिक म्हणाले. "मोठ्या फ्लॅटला मोठा भाव. विकताना बरा आठवेल तुम्हाला मोगरा!"

पुन्हा हशा. तासभर असंच चाललं. अखेर कर्णिक उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "मंजूर असेल त्यांनी हात वर करा!"

आणि जयवंतचा हात वर गेला.

त्यानं तो मुद्दाम केला नव्हता. वीस वर्षं गिरणीच्या गेटवर हे वाक्य कानावर पडलं की हजारो हातांबरोबर त्याचाही हात वर जायचा. संपालाही असाच गेला होता. आपण इथले मेंबर नाही, हे लक्षात येऊन त्यानं झटकन हात खाली घेतला, तोवर कर्णिकांचं मोजणारं बोट त्याच्यावरून पुढे गेलं होतं.

"बाजूनं बावीस." मग विरोधातले हात मोजून झाले. "विरोधात एकवीस. ठराव मंजूर!"

टाळ्या पडल्या. जयवंत मात्र मनात बेरीज करत होता. टेबलावर हजेरीचं पुस्तक होतं आणि त्यात सह्या होत्या बेचाळीस. सभा सुरू होताना खुर्च्या पुऱ्या पडाव्यात म्हणून त्यानं स्वतःच आकडा विचारून घेतला होता. बावीस नि एकवीस त्रेचाळीस होतात, हे शाळेतलं पोरही सांगेल. एवढ्यात भाऊंनी ते पुस्तक ओढलं आणि सह्यांवरून बोट फिरवायला लागले. जयवंतनं डोळे मिटून घेतले.

"माझा विरोध लिहून घ्या," भाऊ गुरगुरले. त्यांनी आपल्या नावापुढे दोन ओळी खरडल्या, पुस्तक आपटलं आणि ते चालते झाले.

भांडुपच्या चाळीत त्याची बायको मालन दारातच उभी होती. "काय झाला? ऱ्हवली मा नोकरी?"

"ऱ्हवली."

"मगे तोंड कित्याक पाडल्यात?"

त्यानं सांगितलं नाही. ती देवापुढे साखर ठेवायला आत गेली, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

सकाळी तो बागेला पाणी घालत होता. कर्णिक खाली आले ते थेट त्याच्यापाशीच. रात्रभर मनात घोळवलेलं जयवंतनं एका दमात सांगून टाकलं. "साहेब, कालच्या बाविसांत एक हात माझा होता. चुकून गेला. काय करायचं ते करा."

कर्णिकांनी मागे वळून कोणी ऐकत नाही ना ते बघितलं. "मला ठाऊक आहे."

"तुम्ही बघितलात?"

"बघितलं. बोट थांबलंसुद्धा होतं माझं." त्यांचा आवाज खाली गेला. "छत्तीस वर्षं ऑफिसात एक आकडा इकडचा तिकडे केला नाही रे मी. काल केला. एकवीस-एकवीस झाले की ठराव पडला, ही बाग गेली, या भीतीनं केला. अजून पुस्तक कपाटात बंद करून बसलोय."

पाइपातलं पाणी एकाच आळ्यात जाऊन बाहेर वाहायला लागलं.

"मग आता काय, साहेब?"

"आता एक वर्ष आहे. वर्गणी चालू ठेवायची की नाही, हे पुढच्या सभेत मी स्वतःच पुन्हा मताला टाकणार. मतं मोजायच्या वेळी तू चहा आणायला जायचंस. गेटच्या बाहेर. बाविसावा हात खरा हवा. नसला तर मी ठराव पडला म्हणून सांगेन, जयवंत. मग तुझ्याकडे बघणार नाही."

कर्णिक वर गेले. जयवंतनं तिन्ही बिल्डिंगांच्या खिडक्यांवरून नजर फिरवली. विरोधातली एकवीस घरं. त्यांतलं एक तरी फिरायला हवं. पहिल्या मजल्यावर भाऊ सामंत गॅलरीत दात घासत उभे होते. त्यानं पाइप खाली टाकला, हात पुसले आणि आजवर कधी केला नव्हता असा वाकून नमस्कार केला.

भाऊंनी खाली बघितलं, चूळ टाकली आणि ते आत निघून गेले.