खोड्याची चिठ्ठी

चिठ्ठी क्र. ९४१२. पहिली खेप.
खोडा (पुं.) : १. कैद्याचे पाय अडकवायचं, भोकं पाडलेलं जड लाकूड. २. त्यावरून, मुद्दाम आणलेला अडथळा.
शेरा, लाल शाईत : 'त्यावरून' कशावरून? पुरावा जोडा.

शेरा मोठ्या सरांचा. आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत त्यांच्या सहीशिवाय चिठ्ठी छापखान्यात जात नाही आणि खंड छापखान्यात गेल्याशिवाय कुणाला नोकरी सोडायचं मुक्तिपत्र मिळत नाही. 'ख'चा खंड नऊ वर्षं चालला होता. बाकी सगळ्या चिठ्ठ्या सह्या होऊन गठ्ठ्यांत बांधलेल्या. उरली ही एकच. मला सोमवारी दुसऱ्या गावी शाळेत रुजू व्हायचं होतं. तिथे आईकडे माझी मुलगी वाढतेय. आठ वर्षांची आहे, आणि फोनवर मला 'तुम्ही' म्हणायला लागलीय.

दुसरी खेप.
माझ्या वडिलांची साक्ष जोडली. ते सुतार, तुरुंगातला जुना खोडा त्यांनी दुरुस्त केला होता. म्हणायचे, "माणूस त्यात बसतो, झोपतो. फक्त उठून जाऊ शकत नाही. अडवणुकीला खोडा म्हणतात ते म्हणूनच."
शेरा : तोंडी साक्ष चालत नाही. शंभर वर्षांपूर्वीचं छापील वाक्य हवं.

तिसरी खेप.
छापील वाक्य दिलं.
शेरा : शंभराला चार वर्षं कमी.

"सर तुझ्या वाइटावर नाहीत गं," टंकलेखक ताई म्हणाली. "पुढच्या खंडांना मंजुरीच नाही. हा गेला की कचेरीला कुलूप. माझी निवृत्तीला चार वर्षं राहिलीत, मामांची दोन."

शिपाई मामा कपाट पुसत होते. "नऊ वर्षं काढलीत, अजून दोनांनी काय आभाळ कोसळतंय?"

"मुलगी मोठी होतेय, मामा."

"मग बरंच की. लहानांचंच फार करावं लागतं."

चौथी खेप. शुक्रवार.
वाक्य मी रचलं. 'भाऊबंदांनी विहिरीच्या कामात खोडा घातला.' खाली एका जुन्या मासिकाचं नाव, साल, पान बावीस.

सरांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.

"हे मासिक तुमच्या सालानंतर सहा वर्षांनी निघालं, बाई. पहिल्या अंकात माझ्या आजोबांची कविता आहे."

चिठ्ठी परत घ्यायला मी हात पुढे केला, तोवर त्यांनी लाल पेन उघडलं होतं.

शेरा : पुरावा बनावट. या संपादिकेच्या सर्व चिठ्ठ्या क्र. १ पासून फेरतपासणीस घ्याव्यात. तोवर खंड थांबवावा.

"सर, एकच वाक्य. बाकी सगळं खरं आहे."

"असेलही. तपासलं की कळेल."

"किती दिवस?"

"घाईनेच तर हे झालं ना?" ते मायेने म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

मामांनी गठ्ठ्यांच्या गाठी सोडायला घेतल्या. नऊ वर्षांत इतक्या चपळाईने काम करताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

सोमवारी, शाळा भरायच्या वेळेला, मी चिठ्ठी क्र. १ पुढे ओढली. अक्षर माझंच, टपोरं, घाई नसलेलं. ताईने चहा आणून ठेवला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्यामुळे आमचं निभावलं."

आईला मी अजून कळवलं नव्हतं.