भाग्याचा तीळ

उर्मिलाच्या मानेवर भाग्याचा तीळ उगवला तो रविवारी, पाहुणे चहा पीत असताना. शनिवारपर्यंत तिथे काही नव्हतं. पण घोडबंदरच्या सरूबाईंनी, म्हणजे होऊ घातलेल्या सासूबाईंनी, चष्मा न लावता तो शोधून काढला. "मानेवर तीळ! सून घरात बरकत आणील बघा," त्या म्हणाल्या आणि लग्न जवळजवळ ठरलंच.

पाहुणे गेल्यावर उर्मिलाने आरशात पाहिलं. तिळाला पाय होते. शनिवारी ती म्हशीसाठी चेणे गावच्या रानात गवत कापायला गेली होती. बरकत आली होती ती तिथूनच.

"आये, गोचीड हाय ही. काढते."

"हात न्हाय लावायचा!" तिची आई द्वारकाबाई किंचाळल्या. "सुपारी फुटूदे आधी. आठ दिसांचा तर प्रश्न."

"आठ दिसांत रगत पिऊन वाटाण्याएवढी होईल ती!"

"मग काय झालं? मोठा तीळ, मोठी बरकत."

एवढ्यात म्हशींच्या गोचिडींवर तीस वर्षं राज्य केलेले धाकूकाका धावून आले. "काढायचीच तर बिडीचा चटका दे, न्हायतर रॉकेल वत. आपली म्हस कधी तक्रार करते का?"

म्हशीने खरोखरच कधी तक्रार केली नव्हती.

पण उर्मिलाने दवाखान्यातल्या सिस्टरांचं ऐकलेलं होतं. चटक्याने बिथरलेली गोचीड पोटातली घाण माणसाच्या रक्तात ओकते, आणि जितका वेळ चिकटून राहील तितका तापाचा धोका वाढतो. बोहल्यावर तापाने फणफणत उभं राहायची तिला हौस नव्हती. भुवया कोरायच्या टोकदार चिमट्याने तिने गोचीड अगदी कातडीलगत, तोंडापाशी धरली आणि न पिळता, न हिसडता, सरळ सावकाश ओढली. अख्खी आली. जागा साबणाने धुतली. गोचीड बोटांनी चिरडण्याऐवजी काजळाच्या रिकाम्या डबीत कोंडली. चौऱ्याण्णवच्या कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केला. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप किंवा पुरळ आलं, तर डॉक्टरांना तारीखही सांगता येईल आणि गुन्हेगारही दाखवता येईल.

"मोडलंस लगीन," द्वारकाबाई कपाळाला हात लावून बसल्या. धाकूकाकांनी बिडी पेटवली, नाइलाजाने स्वतःसाठी.

पुढच्या रविवारी सरूबाई सुपारी फोडायला आल्या. या वेळी चष्मा लावून.

"तीळ कुठं गेला गो?"

द्वारकाबाईंनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. उर्मिलाने डबी उघडून पुढे ठेवली. "हा बघा. पाय मोजून घ्या, आठ हायेत."

सरूबाईंनी बराच वेळ डबीत पाहिलं. मग पदर सारून मान पुढे केली आणि आवाज एकदम खाली आणला. "माझ्या मानेमागं बघ जरा. परवा भातकापणीला गेलते, तवापासून तीळ आलाय. मी म्हटलं, तुझा बघून मलाबी बरकत आली."

उर्मिला चिमटा आणायला उठली. धाकूकाकाही काडेपेटी घेऊन उठले.

"बसा खाली!" सासू-सून एका आवाजात म्हणाल्या.