बघायला येणाऱ्यांसाठी नळ

माझी थोरली बहीण नीवेस हिच्या स्वयंपाकघरातला गरम पाण्याचा नळ कधी तिच्या हाताला वळला नाही. नळ जुना, गरम-गारच्या दोन वेगळ्या चाव्यांचा, आणि तिची मनगटं संधिवातानं धरलेली. ती चावी पकडीनं फिरवायची. सकाळी पकड, दुपारी पकड, आणि वर्षाचा टोमॅटो सॉस करायला बसलो की दिवसभर पकड. तिचा नवरा एल्व्हियो टेबलाशी कॉफी पीत म्हणायचा, "पाणी येतंय ना? मग झालं तर."

एल्व्हियोचं आयुष्य आमच्या इंगम गावच्या साखर कारखान्यात फिटरचं काम करण्यात गेलं. तिथला व्हॉल्व्ह अडला की त्याला जेवणावरून उठवून न्यायचे. घरातल्या नळाला मात्र, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, परवानावाला प्लंबर लागतो, तसा कायदा आहे. कायदा खरा होता. प्लंबर त्यानं कधी बोलावला नाही.

निवृत्त झाल्यावर त्याला दक्षिणेला, समुद्रावर, भावाशेजारी जाऊन राहायचं वेड लागलं. त्यानं नीवेसला विचारलं नाही, सांगितलं. घर विकायचं. मग ट्रेंट नावाचा दलाल घर बघायला आला. तरुण, टोकदार बूट, सगळ्या खोल्यांना 'सुंदर' म्हणणारा. स्वयंपाकघरात मात्र तो थबकला.

"हा नळ बघून लोक मागे फिरतील हो. तेवढा बदलून घ्या."

"उद्याच बदलतो," एल्व्हियो म्हणाला.

मी तिथेच शेंगा सोलत बसले होते. नीवेस ओट्याला टेकून उभी राहिली. तिच्या मानेवर लाल चट्टे उठले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं हार्डवेअरच्या दुकानात गेलो. भिंतभर नळ लावलेले. नीवेसनं एकेक नळ मूठ मिटून, नुसत्या मनगटाच्या धक्क्यानं उघडून बघितला. एक तिला आवडला: उंच वाकलेल्या मानेचा, खाली सॉसचं मोठं पातेलं उभं राहील असा, वर एकच लांब, चपटी दांडी. करंगळीनंही सरकत होती.

"हा घे," ती म्हणाली.

एल्व्हियोनं तिच्याकडे बघितलंही नाही. त्याच्या हातात एक काळा, बुटका, चौकोनी नळ होता. "ट्रेंट म्हणाला, फोटोत काळा उठून दिसतो."

"त्याच्या खाली पातेलं मावणार नाही."

"अगं, आपल्याला कुठे वापरायचाय? तो येणाऱ्यांसाठी आहे."

गाडीत मी मागे वळून तिच्याकडे बघितलं. तिनं तोंड खिडकीकडे केलं होतं.

प्लंबरनं जुना नळ काढला, काळा बसवला, आणि मी चहा टाकेपर्यंत तो गेलासुद्धा. इतकंसंच काम होतं. ते बघून मलाच रडू आलं. इतकी वर्षं आणि काम इतकंसं.

नीवेसनं नव्या नळाखाली पहिली बशी धरली तोच एल्व्हियो फडका घेऊन धावला. "थांब, थांब. काळ्यावर पाण्याचे डाग पडतात. शनिवारी लोक येऊन जाईपर्यंत भांडी मागे घास, कपडे धुतो त्या टाकीत."

"काय म्हणालास?"

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

तिनं बशी खाली ठेवली. "बरं," म्हणाली. त्या 'बरं'ची मला भीती वाटली. आमची आई असं 'बरं' म्हणायची तेव्हा वडील शेडमध्ये जाऊन बसायचे.

शनिवारी सकाळी ट्रेंटनं दारात पाटी लावली, फुलं ठेवली. लोक घर बघतात त्या वेळात घरच्यांनी बाहेर जायचं असतं. एल्व्हियो गाडीत जाऊन बसला. नीवेस गेली नाही, म्हणून मीही थांबले. तिनं घरातली झाडून सगळी भांडी ओट्यावर काढली, बाह्या सरसावल्या आणि काळा नळ पूर्ण सोडला. मोठं पातेलं सरळ मावेना म्हणून आडवं धरलं. पाणी भिंतीवर, जमिनीवर, ट्रेंटच्या बुटांवर उडालं.

"नीवेसबाई, हे नंतर केलं तर..." ट्रेंट हळूच म्हणाला.

"माझं घर आहे. मी भांडी घासतेय."

बघायला आलेली एक पोटुशी मुलगी ओट्याशी उभी राहिली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "नळ नवीन दिसतोय."

"तुझ्यासाठी बसवलाय बाळा," नीवेस म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण बाहेरच्या खोलीतल्या माणसांनाही ऐकू गेला. "मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून इथे उभी आहे. माझे हात मोडले तरी बदलला नाही. तू दारात यायच्या आधी बदलला. तुझा काही दोष नाही. पण घर विकायचं नाहीये. सही दोघांची लागते आणि माझी मिळणार नाही."

लोक बाहेर पडताना बघून एल्व्हियो गाडीतून उतरून आत आला.

"वेड लागलंय का तुला? एका नळापायी?"

"हो, एका नळापायी. तुला एकदा तरी वाटलं का रे? एकदा?"

तो ओरडला, बायकांवर, ट्रेंटवर, गेलेल्या गिऱ्हाइकांवर. ती पातेलं घासत राहिली.

सोमवारी तिनं स्वतः प्लंबरला फोन केला आणि दुकानातला तो उंच मानेचा नळ बसवून घेतला. "नवाकोरा नळ काढतेस?" एल्व्हियोनं विचारलं. "तू घेऊन जा समुद्रावर," ती म्हणाली. तो खरंच गेला भावाकडे. ऊस तुटायला लागल्यावर, उन्हानं रापून, परत आला. घराचा विषय त्यानं पुन्हा काढलेला नाही. हल्ली रात्रीची भांडी तो घासतो. कुणी सांगितलं नाही त्याला.

परवा मी तिला विचारलं, "आता तरी राग गेला का गं?"

"नाही," ती म्हणाली, आणि माझा कप धुवायला घेतला.