काही कापू नकोस

लाइल नोवोत्नी सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी पेन्शनच्या, कचेरीत कामाचा निळा शर्ट घालून गेला. खिशावर मालकाच्या, मर्लच्या, फरशांच्या दुकानाचं नाव आणि खाली लाल दोऱ्याने भरलेलं 'लाइल'. त्याची बायको आर्लीन म्हणाली होती, "अरे, चर्चचा कोट घाल." पण तीस वर्षं फरशा बसवून ज्याचे दोन्ही गुडघे निकामी झाले, त्याला कामगार असल्याचा याहून मोठा पुरावा कशाला हवा, असा त्याचा हिशेब. हिशेबात तो पहिल्यापासूनच कच्चा.

खिडकीपलीकडच्या टेटबाईंनी कॉम्प्युटर त्याच्याकडे वळवला. "अपंगांची पेन्शन हवी, तर गेल्या दहा वर्षांतली पाच वर्षं तुमच्या नावाने कर भरलेला लागतो. तुमचं एकच वर्ष दिसतंय. पुढची नऊ शून्य."

"शून्य कशी? एक सोमवार चुकवला नाही मी!"

"काम केलंत हो, पण ठेकेदार म्हणून. नोकराच्या पगारातून मालक कापतो, वर तेवढेच आपल्या पदरचे घालतो आणि सरकारात भरतो. ठेकेदाराने दोन्ही वाटे स्वतःच भरायचे. भरलेत तुम्ही?"

 दर जानेवारीत मर्ल वर्षभराच्या कमाईचा कागद लाइलच्या हातात द्यायचा आणि तो गाडीच्या खणात जाऊन पडायचा. पुढच्या वर्षी बघू, पुढच्या वर्षी बघू, म्हणता म्हणता नऊ वर्षं निघून गेली.

"शेवटची तीन अजून भरता येतील, दंडासकट. त्याआधीची मुदत संपली." बाईंनी आवाज खाली आणला. "म्हणजे चार होतात. एक कमीच पडतं. तुम्ही नोकरच होतात असं मालकाने लिहून दिलं, तर कदाचित काही होईल."

लाइल तसाच लंगडत मर्लच्या दुकानी गेला. मर्ल वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर निदान कडाकडा भांडता आलं असतं. त्याने कोलाचीची, जाम भरलेल्या गोड पावांची, बशी पुढे सरकवली, सगळं नीट ऐकून घेतलं आणि खणातून पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला. फरशांच्या खोक्याचा.

"आठवतंय?"

लाइलचंच गिचमिड अक्षर. 'मर्ल, यापुढे माझ्या पगारातून काही कापू नकोस. पोरीच्या दातांना तारा बसवायच्यात.' खाली झोकदार सही.

"तेव्हापासून तुला कागदोपत्री ठेकेदार केलं. तुझं बघून बाकीच्या चौघा कामगारांनीही तेच मागितलं," मर्ल म्हणाला. "मलाही बरंच पडलं, खोटं कशाला बोलू? माझाही वाटा वाचला. पण आता लिहून दिलं, तर पाचही जणांचा मागचा सगळा कर माझ्या मानगुटीवर बसेल. दुकान जाईल, लाइल. ते चौघंही घरी बसतील."

"मग मी काय करू रे?"

"मला ठाऊक असतं तर सांगितलं नसतं का?"

त्याला चार शिव्या हासडाव्यात असं लाइलला फार वाटलं. पण चिठ्ठी आपल्याच हातची, शिव्या घालणार कुणाला? कोलाची तशीच बशीत ठेवून तो घरी आला.

दिवस शुक्रवारचा, पगाराचा. आर्लीन शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिची पगाराची चिठ्ठी आली की लाइल शेजारी आपला अख्खा चेक धरायचा आणि म्हणायचा, "बघू, या वेळी सरकारने कुठला लचका तोडला?" नऊ वर्षं हा विनोद चालला होता, आणि हसणारा तो एकटाच.

त्याने सगळं सांगितलं. आर्लीन ओरडली नाही. तिने आपल्या पगाराचं पाकीट त्याच्यापुढे सरकवलं. "वाच की. नेहमी वाचतोस ना?"

कापलेली एकेक रक्कम तो बोट ठेवून वाचत गेला.  त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर जूनच्या पाच तारखेभोवती तिने लाल गोल काढला होता. तिच्या नोकरीचा शेवटचा दिवस, मग निवृत्ती.

"मग जूनचं काय?" त्याने विचारलं.

आर्लीन खुर्चीवर बसली, सुजलेल्या पायांतले बूट काढले आणि सोमवारसाठी दाराशी नीट लावून ठेवले.

"राहू दे आता जून," ती म्हणाली.