सौंदर्याच्या ओळीवरचं बोट

या मायबाप, जरा पुढं सरकून बसा. हुपरीच्या सौंदर्या नावाच्या लेकीची गोष्ट सांगतो. ऐकून किळस येईल, पण मधेच उठू नका.

साल दोन हजार सात. सौंदर्या सासरहून माहेरी परतलेली, घरच्या कॉम्प्युटरवर पैंजणांची डिझाइनं काढायची. ती घ्यायचे कोल्हापूरचे चांदीवाले अण्णासो. एक घुंगरू इकडचं तिकडं करायचं म्हटलं तरी तिला एसटीनं दुकान गाठावं लागे. म्हणून कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बसवेशनं फोनच्या वायरीतून, इंटरनेटवरनं दोन्ही मशीनं जोडून दिली. तिच्याकडं विंडोज, दुकानात लिनक्स. एकाचं दुसऱ्याला कळेना. शेवटी दोन्हीकडं चालणारा प्रोग्राम त्यानं शोधून बसवला आणि हुपरीचा पडदा कोल्हापुरात दिसू लागला.

दुकानातून जोडलं की आधी तिच्या पडद्यावर विचारणा यायची, येऊ द्यायचं का म्हणून. ती गोठ्यात असली की अण्णासो खोळंबायचे.

"सारखं काय इचारतंय रं ते? काढ की!"

बसवेशनं विचारणा काढली. कुणी बघत असलं की रंग बदलणारं कोपऱ्यातलं चित्र होतं, तेही लपवलं. त्यावर चुकून तिचं क्लिक पडलं की जोडणीच बंद व्हायची. हे तिला सांगायचं मात्र राहून गेलं.

महिन्याभरानं तो प्रिंटर बघायला दुकानात शिरला, तर अण्णासो नि दोन गिऱ्हाइकं पडद्यापुढं भेळ खात बसलेली.

"ये की बसवेश! नवऱ्याला पत्र लिवतीया बघ!"

अक्षरं एकेक करून उमटत होती. अण्णासोंनी चिंचेनं बरबटलेलं बोट थेट ओळीवर टेकवलं आणि तोंडात घास तसाच ठेवून बायकी आवाजात वाचलं, "नांदवायला नेऊ नका, पण बाळ गेलं त्यात माझी काय चूक होती, तेवढं सांगा."

गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. एकाच्या तोंडातले चुरमुरे कीबोर्डवर सांडले. तिकडं सौंदर्यानं ती ओळ पुसली. थांबली. पुन्हा तीच लिहिली.

बसवेश पुढं सरसावला.

"बंद करा, अण्णासो."

"आरं, तूच जोडून दिलंस न्हवं? आता सोवळा झालास व्हय?"

हे मात्र खरं होतं. सवयीनं त्याचा हात गळ्यातल्या इष्टलिंगाकडं गेला, पण शिवायची लाज वाटली. त्यानं जोडणी तोडली, प्रोग्राम काढून टाकला. अण्णासो ओरडत राहिले, "पुन्यांदा पायरी चढलास तर बघ!" ते न ऐकता त्यानं हुपरीची एसटी धरली.

सौंदर्यापुढं उभं राहून त्यानं सगळं सांगितलं, स्वतःचं आधी.

तिनं पडद्याकडं बघितलं. मग म्हणाली, "तासभर त्या एका ओळीवर अडलेते मी, दादा. ती त्यांनी भेळंसंगट खाल्ली?"

"व्हय."

"आणि चित्र तू लपवलंस."

"व्हय. चुकलं माझं."

तिनं फोनची वायर उपसली. वहीचं पान फाडलं, पत्र पुन्हा पहिल्यापासून हातानं लिहून काढलं. पाकीट चिकटवलं. बसवेशनं हात पुढं केला, "दे, जाताना पोस्टात टाकतो."

"नगं," ती म्हणाली. "माझं मी टाकीन." आणि त्याच्या शेजारून निघून गेली.

मायबाप, उत्तर आलं का, मला ठाऊक नाही. भजनाला बसाल, टाळ हाती घ्याल, तेव्हा त्या लेकीला एकदा आठवा.